दिग्रसच्या जिनातलं टर्बो इंजिन

इंजिन काळा धूर ओकत होतं आणि सगळा जिन, म्हणजे कापसाचा अख्खा कारखाना, माझ्याकडे बघत होता.

अर्धे रेचे बंद पडले होते. रेचा म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करणारं यंत्र. सगळे रेचे एका लांब शाफ्टवर चालत, आणि शाफ्ट फिरवायचं काम माझ्या डिझेल इंजिनचं. फाटकाबाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली होती. रेच्यावरच्या बायांना रेचा चालेल तेवढीच मजुरी. त्यांच्यातली सकूबाई इंजिनरूमच्या दारात येऊन म्हणाली, "दौलतभाऊ, तुहं इंजिन बिडी ओढून राह्यलं, अन् आमची चूल इझून राह्यली."

सकाळी थंड असताना इंजिन नीट चाललं होतं. तापलं तसा त्याचा दम गेला. बापूराव मिस्त्री जिनचे फोरमन. त्यांनी फ्यूएल पंपाचा स्टॉप-स्क्रू फिरवून तेल वाढवलं. स्टॉप-स्क्रू ठरवतो की इंजिनला जास्तीत जास्त किती तेल मिळावं. तेल वाढलं, ताकद तसूभर वाढली नाही, धूर मात्र दुप्पट झाला. मी म्हटलं, हा न जळलेल्या तेलाचा धूर आहे, याला हवा कमी पडते. त्यांनी ऐकलं नाही. त्यांचं निदान आधीच ठरलेलं होतं.

दसऱ्याला जिनमध्ये इंजिनची पूजा झाली, तेव्हा मी नव्हतो. दरसालप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो. हंगामाच्या मुहूर्ताला मिस्त्रींनी माझ्या हातात नारळ दिला, तो मी परत केला. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञांचं पत्रक मीच वस्तीत मोठ्याने वाचून दाखवत असे. यंत्राला तेल द्यावं, पाणी द्यावं, वेळेवर नट आवळावेत. नमस्कार त्याला कळत नाही. हे मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो होतो. आता त्याचीच शिक्षा इंजिन देतंय, असं जिनभर झालं.

जिनचे मालक शेठजी आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता.

"देख दौलत," ते म्हणाले, "एक नारळ फोड, बात खतम. मजुरायचं मन राह्यते. मी बी कुठं इतका मानतो?"

"शेठजी, नारळ फोडल्यावर धूर थांबला, तं मी आजच घरी जातो. नाही थांबला, तं घरी कोणाले पाठवान?"

मिस्त्री दुसरीकडे बघू लागले. शेठजींचा आवाज बदलला. "दुपारपर्यंत चालव. नाही तं तुह्या जागी दुसरा पाहतो. अन् यापुढे तुह्या वस्तीतला मानूस इंजिनवर घेनार नाही."

माझी नोकरी गेली असती तर मी दुसरी शोधली असती. पण आमच्या वस्तीतून इंजिनवर पोचलेला मी पहिलाच होतो. माझ्यामागे दार लावून घ्यायला त्यांना एक धूर पुरेसा होता.

आता थोडं इंजिनाबद्दल. साधं इंजिन आपली हवा आपणच ओढून घेतं. ती हवा मॅनिफोल्डमधून, म्हणजे फाटे फुटलेल्या एका जाड नळातून, प्रत्येक सिलिंडरला जाते. आमचं विलायती, जुनं घेतलेलं इंजिन टर्बोचार्जरचं होतं. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर त्यात एक चक्र फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून मॅनिफोल्डमध्ये भरतं. जास्त हवा, म्हणून जास्त तेल जळतं, म्हणून जास्त ताकद. हवेचा दाब दाखवणारं गेज इंजिनसोबत आलं तेच मुकं होतं.

मी म्हटलं, मॅनिफोल्डचे जोड बघू. मिस्त्री म्हणाले, ते मघाशीच पाहिले. आणि माझ्यासमोर पुन्हा करून दाखवलं. जिनमध्ये गळती शोधायची एकच रीत. रुईचा बारीक पुंजका काडीला लावायचा आणि जोडाभोवती फिरवायचा. जोड हवा खात असेल तर पुंजका ओढला जाऊन चिकटतो. मिस्त्रींनी काडी सगळ्या जोडांवरून फिरवली. पुंजका कुठेच चिकटला नाही.

"पाह्य. कुठंच हवा खात नाही."

पण तिसऱ्या जोडापाशी पुंजका थरथरला होता. मिस्त्रींना वाटलं, शाफ्ट फिरवणाऱ्या पट्ट्याचा वारा. मला तेव्हाच लख्ख दिसलं. या नळात हवा दाबून भरलेली असते. तो गळला तर ओढणार नाही, फेकणार. चिकटायची वाट बघत बसलो तर हंगाम संपेल.

मी पट्ट्याच्या बाजूला टिनाचा पत्रा उभा धरायला लावला. वारा अडला. काडी पुन्हा तिसऱ्या जोडाजवळ नेली. पुंजका काडीवरून सुटून मिस्त्रींच्या मिशीवर जाऊन बसला.

कोणी हसलं नाही. मग सकूबाई हसली, आणि मग मिस्त्रीही.

"म्हंजे हे इंजिन फुकते," ते म्हणाले. "अन् मी ओढते का पाहून राह्यलो."

इंजिन थांबवून जोड खोलला. कारण समोर होतं. दसऱ्याला इंजिन चकचकीत दिसावं म्हणून मॅनिफोल्ड उतरवून रंगवला होता, आणि रंग जोडाच्या तोंडांवरही बसला होता. त्या ओल्या रंगावर गास्केट, म्हणजे जोडात बसवायची चकती, दाबली होती. नळ थंड असताना ती धरून राही. नळ तापला की रंग मऊ होई, गास्केट सरके, हवा बाहेर. शेठजींनी रंगाचा एक पापुद्रा नखाने उचलून पाहिला.

तोंडं खरवडून लखलखीत केली. नवं गास्केट कापलं. बोल्ट समोरासमोरचे जोडीने आवळले. स्टॉप-स्क्रू कारखान्याच्या खुणेवर परत आणला. मिस्त्रींनी स्वतः पाना धरला होता.

इंजिन सुरू केलं, तापू दिलं, आणि मग एकेक रेचा जोडत गेलो. चिमणीकडे मान वर करून मिस्त्री ओरडत होते, "अजून एक टाक." सगळे रेचे लागले. टर्बोची शीळ उंच चढली. चिमणीवर नुसती हवा थरथरत होती, धूर नाही. दुपार व्हायला अजून अवकाश होता.

पुढच्या हंगामात इंजिनवर आणखी एक माणूस हवा होता. शेठजींनी मलाच विचारलं, तुह्या वस्तीत कोणी आहे काय? मी म्हटलं, आहे. पण आधी त्याच्या हाताची परीक्षा घ्या. त्यांनी घेतली. तो पास झाला.

तेल वाढवायला एक स्क्रू फिरवावा लागतो, म्हणून सगळे आधी तेच करतात. धूर काळा असेल तर पहिल्यांदा हवा कुठे जाते ते बघावं. इंजिन चालवणाऱ्याचा धर्म त्यानंतर बघावा. तोवर इंजिन सुरू झालेलं असतं.