एकतीस नंबरचा हंस

त्या सकाळी औ यिऊवाचे हात कधी नव्हे इतके स्वच्छ होते, तरी इस्पितळाच्या बाकावर तो सारखा उठबस करत होता. रक्त द्यायचं म्हणून तो उपाशी होता, हे झालंच. पण खरं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

सव्वीस वर्षं हा माणूस ग्वांगझूमधल्या आपल्या दुकानात काचेमागे उभा राहून भाजलेले हंस कापत होता. आणि काय सुरा चालायचा त्याचा! मग सोरायसिस झाला. हातांवर लाल चट्टे, वर पांढरे पापुद्रे. हा रोग लागत नाही, पण गिऱ्हाइकाला कोण समजावणार? याम आजी रोजच्या गिऱ्हाईक. त्यांनी एकदा भर दुकानात म्हटलं, "माझा हंस तुझ्या बायकोला कापू दे." तेव्हापासून त्याची बायको चॉयहा काचेमागे आणि यिऊवा मागे भट्टीपाशी. फार लागलं ते त्याला.

मग चिनी औषधांच्या इस्पितळात संशोधन निघालं. बारा आठवडे कडू काढा प्यायचा. आधी आणि नंतर रक्त द्यायचं, आणि त्यातली बारीकसारीक द्रव्यं यंत्रावर मोजून काढ्याने शरीरात आत काय बदललं ते बघायचं. यिऊवाचा नंबर एकतीस. पथ्य कडक: कोळंबी नाही, मटण नाही, हंस तर नाहीच. खाल्लेलं सगळं रोज वहीत लिहायचं.

आता हंसवाल्याने हंस चाखायचा नाही म्हणजे काय? चॉयहाची जीभ यथातथाच, पहिल्याच आठवड्यात मसाला खारट झाला. मग यिऊवा लपून चाखायचा आणि थुंकायचा. वहीत मात्र रोज तेच, ‘हंस नाही’. आता यंत्र चहाडी करणार, आपण बाद होणार, पुढे काढा मिळणार नाही, हात पुन्हा तसेच आणि काच कायमची गेली, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं.

बारा आठवडे संपले, आणि त्या सकाळी दुसऱ्यांदा रक्त घ्यायला नर्सने दंडाला पट्टा बांधला तसा याचा धीर सुटला. त्याने संशोधन करणाऱ्या डॉक्टर फानबाईंना हाक मारून सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"किती वेळा चाखलात?" बाईंनी विचारलं.

"रोज. पण गिळला एकदाच. सातव्या आठवड्यात. फार छान झाला होता हो."

नर्सने हसू दाबलं. बाई हसल्या नाहीत. "यंत्राला हंस दिसत नाही, काका. पण वही खोटी असली तर आम्ही रक्तातल्या फरकाचा भलताच अर्थ लावला असता. आता खरं लिहा. नंबर राहील, पुढे शेरा मारू." मग बाईंनी त्याचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला. काढ्याचाच गुण का, ते सगळ्यांचं रक्त तपासल्यावर कळेल म्हणाल्या. पथ्य संपलं, महिनाभर वही मात्र चालू ठेवायची.

यिऊवाच्या जिवात जीव आला. बस सोडून तो चालतच, जवळजवळ पळतच दुकानात आला. त्याने चॉयहाच्या हातातून सुरा घेतला. ती बाजूला झाली आणि पदराशी चाळा करावा तशी एप्रनची नाडी ओढत बघत राहिली.

समोर याम आजी उभ्या होत्या. त्यांनी चष्मा सावरून त्याचे हात पाहिले, अगदी निवांत.

"मांडीचा भाग दे," आजी म्हणाल्या. "आणि तूच काप. तुझी बायको हाडं चेचते."

सुरा खटाखट चालला. आजींनी डबा उघडला, पूर्वीसारखाच एक तुकडा उचलून त्याच्यापुढे धरला. यिऊवाने तो तोंडात टाकला, डोळे मिटून चावला. मग हात पुसून खिशातली वही काढली आणि लिहिलं: ‘हंस, एक तुकडा. थुंकला नाही.’