सूचना : निरंक

ज्या प्रकल्पात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले, त्याच प्रकल्पापायी एका बाईची दोन बोटं गेली. गेली चार वर्षं हे मी कुणापुढे बोललेले नाही. आज लिहूनच टाकते.

चंद्रपूरच्या पॉलिटेक्निकात शेवटच्या वर्षाला आम्हाला व्यवस्थापन आणि सुपरव्हिजन असा विषय होता. पोरं त्याला झोपेचा तास म्हणत. मला मात्र तो भयंकर आवडायचा. घरात तीन भावांत मी एकटी, माझं कुणी ऐकेल तर शपथ! इथे तर दुसऱ्यांना आपलं ऐकायला कसं लावायचं, हेच शिकवत होते.

प्रकल्पासाठी महिनाभर एखाद्या कारखान्यात जायचं आणि शिकलेली एक पद्धत तिथे राबवून दाखवायची होती. मी नागभीडजवळची, आमच्या गावची राइस मिल धरली आणि पद्धत निवडली सूचनापेटीची. कामगार तोंडावर बोलायला घाबरतो, म्हणून त्याने नाव न घालता चिठ्ठी टाकावी, असं पुस्तकात होतं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला फट पाडली, कुलूप लावलं, लाल अक्षरात 'आपल्या सूचना येथे टाका' लिहिलं आणि डबा मिलच्या दाराशी टांगला. साऱ्या बायांना उभं करून भाषणही ठोकलं. मिलचे मालक शेठ हसून म्हणाले, "लटकव बापा, आपलं काय जाते!"

मिलमध्ये झाडायला एक बाई होत्या, आमच्याच मोहल्ल्यातल्या, पन्नाशीच्या. लहानपणी विहारात मी त्यांच्या मांडीवर झोपून जायची. मशीनच्या पट्ट्याखाली सांडलेला कोंडा झाडून काढणं हे त्यांचं काम. पाचव्या-सहाव्या दिवशी त्या पदराला हात पुसत माझ्यापाशी आल्या.

"पोरी, पट्ट्यावरचं ते लोखंडी झाकण हालून राह्यलं. शेठले सांगशीन का? आमचं नाई ऐकत थो."

झालं! मी एवढी पेटी टांगली आणि ही बाई तोंडी सांगते! माझं डोकंच फिरलं.

"बाई, तोंडी चालत नाई," मी म्हटलं. "काय सांगायचं ते पेटीत टाका. पद्धत म्हणजे पद्धत."

त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मी वहीत डोकं घातलं. झाकणाची गोष्ट संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यातून साफ गेली. मी तर पेटी कधी उघडते याचे दिवस मोजत होते.

महिना संपला, मी कुलूप काढलं. आत एकही चिठ्ठी नव्हती. धुळीने काळा झालेला एक फडक्याचा तुकडा, फुटकी बांगडी आणि अर्धा तुटलेला एक बोल्ट. बस. माझ्या पेटीचा उकिरडा करून ठेवला, म्हणून मी इतकी चिडले की सगळं तिथेच बाहेर भिरकावलं. अहवालात लिहिलं, 'प्राप्त सूचना : निरंक. कामगारांमध्ये जागरूकतेचा अभाव.' सरांनी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. पंचवीसपैकी तेवीस!

मार्क कळले तशी मी पेढे घेऊन गावी आले आणि आधी मिलवरच गेले. मिल बंद होती. मशीन सांभाळणारे मिस्त्रीभाऊ पायरीवर एकटेच बसले होते.

"काल झाडूवाल्या बाईचा हात पट्ट्यात गेला," ते म्हणाले. "झाकण एका अंगानं सुटलं, झाडू ओढला गेला, झाडूसंगं हात. दोन बोटं गेली."

"काय?" मी म्हटलं. ते परत बोलले, मी परत "काय?" म्हटलं.

"बोल्ट तर कईचाच तुटला होता त्याचा."

बोल्ट. जो बोल्ट मी कचरा समजून भिरकावला होता, तो तिथेच कुठेतरी गवतात पडला असणार. मी शोधायला वाकलेसुद्धा.

सरकारी दवाखान्यात त्या खाटेवर बसल्या होत्या. डाव्या हाताला पांढरं बांधलेलं. मला पाहून सरकल्या, बसायला जागा केली. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खरंच विचारत होत्या.

"पोरी, झाडता झाडता थो बोल्ट सापडला होता मले. लिवता येत नाई, म्हनून बोल्टच टाकला म्या तुह्या पेटीत. तुले भेटला नाई का?"

नाही भेटला म्हटलं असतं, तर त्यांनी मानलं असतं. माझ्या जिभेवर आलंही होतं. इतकी मी वाईट होते.

"भेटला होता, बाई."

पुढे मी काही सांगेन, असं त्यांना वाटलं.

"मंग?" त्या म्हणाल्या.