थेंबांआधीचा आकडा

हॉस्पिटलात तिला सगळे नाकवाल्या बाई म्हणत. एकवीस वर्षं तिनं लोकांची नाकं मोजली. लांबी नव्हे हो, नाकातून हवा किती जाते ते. एका नाकपुडीत नळी, वर चिकटपट्टी, तोंडावर मास्क, "तोंड मिटा, नेहमीसारखा श्वास घ्या," आणि स्क्रीनवर रेघ. मग दुसरी नाकपुडी. मग नाक मोकळं करणारे थेंब, पंधरा मिनिटं बाकावर, आणि परत तेच. थेंबांनी उघडलं तर सर्दीची सूज. नाहीच उघडलं तर आत डॉक्टरांनी बघायचं. बारमाही सर्दीवाल्यांना ती आधी हटकून विचारी, "कालपासून नाकात काही टाकलं नाहीत ना?" टाकलं असेल तर सरळ परत पाठवी. बाई नाकासमोर चालणारी.

तिचा धाकटा भाऊ फर्निचरच्या कारखान्यात लाकूड घासायच्या मशीनवर होता. भुशानं नाक कायम चोंदलेलं. मॅनेजर म्हणाला, नाक बंद असल्याचा रिपोर्ट आण, मग पॅकिंगला बदली देतो. पण कारखान्याच्या खर्चानं तपासणी वर्षातून एकदाच.

भाऊ आला, तिनं त्याला खुर्चीत बसवलं, पट्टी लावली आणि प्रश्न विचारायचाच राहिला. घरच्या माणसाला कोण विचारतं? आकडे आले ठणठणीत. थेंबांआधी जेवढी हवा, नंतरही तेवढीच. तिथंच शंका यायला हवी होती, पण तिला उलट रागच आला.

"नुसतं रडगाणं तुझं," ती म्हणाली, आणि लिहिलं: नाक मोकळं. डॉक्टरांनी सही ठोकली.

कँटीनमध्ये चहा पिताना तो म्हणाला, "ताई, सकाळी थेंब टाकले होते मी. तुझ्यासमोर काय सूं सूं करत बसायचं? लोक म्हणतील, बाईंचा भाऊ बघा."

रिपोर्ट अजून डॉक्टरांच्या टेबलावरच होता. उठून एवढंच सांगायचं होतं, की माझं चुकलं, मी विचारलं नाही. पण तिची जीभ उचलेना. शिवाय भावासाठी आकडा फिरवला, असंही कुणी म्हणालं असतं.

"पुढच्या वर्षी टाकू नकोस," एवढंच ती बोलली.

काय म्हणावं या बाईला! आपलं नाक वर राहावं म्हणून सख्ख्या भावाला तिनं आणखी वर्षभर भुशात उभं केलं. तिला ते कळत होतं, हे त्याहून वाईट.

वर्षानं तो आला तेव्हा उजव्या नाकपुडीतून अधूनमधून रक्त येत होतं. या वेळी तिनं विचारलं. नाही, काही टाकलं नव्हतं. डावी बाजू अर्धीमुर्धी चालली, उजवी शून्य. थेंब टाकून ती पंधरा मिनिटं त्याच्या शेजारी बसून राहिली. डावी छान उघडली. उजवी शून्यच. तिनं नळी बदलली, पट्टी बदलली, मशीन बंद करून परत चालू केलं. शून्य. असे रिपोर्ट तिनं आजवर चार-पाच पाहिले होते, आणि ते पेशंट पुढं कॅन्सरच्या वॉर्डात गेले हेही तिला ठाऊक होतं.

डॉक्टरांना बोलवायला ती उठली. भावानं मान वळवून स्क्रीनवरची सपाट रेघ पाहिली.

"बंद आहे ना गं?"

"हो."

"एकदम बंद?"

"हो रे."

"मग आता बदली नक्की," तो म्हणाला, आणि नाकावरची पट्टी स्वतःच सोलून काढत हसला.