राहिलेली निम्मी पोरं

हसीना गेली हे मला भाजीच्या गाड्यावर कळलं. शाळेतली जुनी शिपाईण भेटली आणि मेथीची जुडी बघता बघता म्हणाली, "मोठ्या बाई, मुलाणी बाई गेल्या की हो. काल दुपारीच माती दिली." तीस वर्षं एका डब्यात जेवलेल्या आम्ही, आणि मला ही बातमी दुसऱ्या दिवशी, भाजीवाल्यासमोर. आधी रागच आला. मग वाटलं, कळवायचं कुणी आणि का? शेवटची पाच वर्षं आम्ही सणासुदीला 'बरी आहेस ना' एवढंच बोलत होतो, आणि त्याला कारण मी होते. महिना उलटून गेला तरी ते घशाखाली उतरत नाही, म्हणून लिहायला बसले.

शिवाजी पेठेतल्या आमच्या शाळेत हसीना तिसरीला शिकवायची. परिसर अभ्यासात आपल्याला मदत करणाऱ्या माणसांची चित्रं असायची. पोस्टमन, शेतकरी, डॉक्टर, सगळे हसरे आणि कडक इस्त्रीतले. तिला ती बघवायची नाहीत. "ह्यातला एक तरी आपल्या गल्लीत राहतो का गं सुमे?" म्हणायची. मग दर गुरुवारी निम्मा वर्ग घेऊन ती बाहेर पडायची, राहिलेला निम्मा पुढच्या गुरुवारी. दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढून देणारे मामा, चपला शिवणारे अण्णा, तालमीतले वस्ताद. आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगून यायची, "उद्या माझी पोरं येणार हायत. विचारतील त्याला खरं ते सांगायचं." पोरांनी तीनच गोष्टी विचारायच्या: तुमचं नाव काय, हे काम कुणी शिकवलं, आणि संध्याकाळी काय दुखतं. दूधवाल्या मामांनी मनगट पुढं केलं, तर पोरांनी रांग लावून ते दाबून दिलं होतं. मी मुख्याध्यापिका झाल्यावर वरून कौतुक करायचे, पण आतून धाकधूक असायची. रस्त्यात एखादं पोर पडलं तर जबाब मलाच द्यायचा होता.

एका गुरुवारी तिनं पोरं कबरस्तानात नेली. तिथं कबरी खणणारे दस्तगीरचाचा तिच्या लेखी कट्ट्यावरच्या मामांइतकेच आपले. चाचांनी नाव सांगितलं, काम अब्बांनी शिकवलं म्हणून सांगितलं, आणि तिसऱ्या प्रश्नालाही खरं तेच सांगितलं, "लहान लेकराची खणली की त्या दिवशी जेवण जात न्हाई." एका मुलीनं हे घरी जेवताना जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत सात-आठ पालक, हिंदूही आणि मुसलमानही. "न्यायला दुसरी जागा गावली न्हाई व्हय तुम्हाला?" हसीना शांतपणे म्हणाली, "पोरगी घाबरली न्हाई. तिनं आपल्या डब्यातली चपाती चाचांच्या हातात ठेवली. विचारा तिला." कुणी विचारलं नाही. मीही नाही. सगळ्यांदेखत मी म्हणाले, "मुलाणी बाई, आजपासून ह्या फेऱ्या बंद." इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा आडनावानं हाक मारली होती. ती "बरं, मॅडम" म्हणाली आणि वर्गावर गेली. त्यानंतर ती चित्रातला पोस्टमन शिकवायची, अगदी वेळापत्रकाप्रमाणे... चुकलं माझंच, हे मला आठवड्यात कळलं होतं, पण म्हणायला जीभ रेटली नाही. ती आजारी पडल्यावर मोसंबी घेऊन दवाखान्यात गेले, तासभर तूरडाळीच्या भावावर बोलले आणि परत आले. लिहितानाही लाज वाटते.

गेल्या आठवड्यात कबरस्तानाच्या फाटकापर्यंत गेले. आत जावं का नाही, कळेना. कुदळ घेऊन आले ते दस्तगीरचाचाच असणार; त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. "कुणाकडं आलायसा, ताई?" मी हसीनाचं नाव सांगितलं, तिच्या शाळेतली म्हणाले. त्यांनी लांबूनच ताजी माती दाखवली. मग म्हणाले, "एक विचारू? राहिलेली निम्मी पोरं पुढच्या गुरुवारी येणार होती. मी गोळ्या आणून ठेवल्यात्या. बाई एकट्याच आल्या. म्हणाल्या, परीक्षा हाय. आमच्या मोठ्या बाई लई चांगल्या हायत, परीक्षा झाली की त्या स्वतः घेऊन येतील. पण कुणी आलंच न्हाई. माझं बोलण्यात काय चुकलंतं का?"

"तुमचं काही चुकलं नाही, चाचा," मी म्हणाले. "मोठ्या बाई मीच. पोरांना मीच येऊ दिलं नाही." जे तिला सांगायचं होतं ते असं त्यांना सांगितलं. चाचा रागावले नाहीत. "मग आता आणा की," म्हणाले. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आता आणायला माझ्याकडं पोरंच नाहीत, हे मी सांगितलं. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं झाडाखालची एक लांब फळी पुसली. दोन दगडांवर टेकवलेली, पोरांना बसायला म्हणून त्यांनी केलेली. "बसा," म्हणाले. मी बसले. फळी इतकी बुटकी होती, की माझे गुडघे छातीला लागले.