तिला फुंक नाही

डहाणू रोडला माझा क्लॅरिनेटचा क्लास होता. क्लास कसला, लग्नाच्या बँडमध्ये वाजवून उरलेल्या वेळात घरच्या ओटीवर शिकवायचो. २०१५ साली तलासरीकडच्या एका पाड्यावरून एक गृहस्थ आठवीतल्या मुलीला घेऊन आले. ते स्वतः तारपा, म्हणजे तिकडचं फुंकायचं वाद्य, वाजवायचे आणि बनवायचेही, दुधी भोपळा नि मेण वापरून. मुलीने चारोटीला एका वरातीत क्लॅरिनेट ऐकलं होतं. शाळेच्या बँडमध्ये मी हेच वाजवणार, असा तिने हट्ट धरला होता.

"तुमीच निवडून द्या, मास्तर. आमाला त्यातलं काय समजतं?" वडील म्हणाले.

मला तेवढंच हवं होतं. आम्ही तिघं वापीला गेलो. दुकानात एक नवंकोरं प्लास्टिकचं क्लॅरिनेट होतं आणि एक जुनं लाकडी. प्लास्टिकला मी नाक मुरडलं. लाकडी तोंडाला लावलं आणि अशी काही तान घेतली की दुकानदार हातातलं काम सोडून ऐकत बसला. दोन गिऱ्हाइकं दारात थबकली. मग काय, मी फुशारलो, आणखी दोन गाणी वाजवली.

"सर, मी वाजवून बघू?" मुलीने विचारलं.

"तुला अजून फुंकता कुठे येतंय?"

सगळे हसले. तीही हसली. लाकडीच घेतलं.

वर्षभर ती दर रविवारी यायची. वरचे सूर कसेबसे निघायचे, पण खाली उतरली की आवाज फाटायचा, नाहीतर नुसती हवा. मी तिच्या हातातून घेऊन वाजवून दाखवायचो. माझ्याकडे खणखणीत वाजायचं. "फुंक नाही तुला," मी म्हणायचो, इतर मुलांसमोर, पुन्हा पुन्हा. नववीत ती यायची बंद झाली. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या वर्षी वडील क्लॅरिनेट परत घेऊन आले. "दुसऱ्या कोणाला शिकायला द्या," म्हणाले. आणि जाता जाता, सहज, "याच्या खालच्या चावीपाशी वारा जातो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तारप्याचं मेण सुटलं का आमी गाल लावून बगतो. पयल्याच आठवड्यात गालाला वारा लागला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी निवडलेलं. तुमच्या हातात तर वाजतंच. म्हटलं, पोरीतच कमी असंल."

मला त्यांच्याकडे बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मुलगी काय करते ते विचारलं.

"शाळेच्या बँडात झांज वाजवते. झांजेला फुंक लागत नाय, म्हणते."

ते गेल्यावर मी बोटं हलकी ठेवून वाजवून पाहिलं, नवशिक्यासारखं. खालचा सूर फाटला. चावीखालची गादी कडक झाली होती, भोकावर नीट बसत नव्हती. बँडची खटारा वाद्यं वाजवून माझी बोटं इतकी करकचून दाबायला शिकली होती की गळती मला कधी जाणवलीच नाही. नवी गादी अर्ध्या तासात बसली.

त्यानंतर अच्छाडपर्यंत कितीतरी वराती वाजवायला गेलो, तिच्या पाड्याच्या फाट्यावरूनच. चूक माझी होती, एवढंच सांगायचं होतं. गाडी थांबवायची मला लाज वाटली. २०१९ साली क्लास बंद केला. ते क्लॅरिनेट अजून माझ्याकडे आहे, सुरेख वाजतं. तिला मात्र अजून वाटत असेल, आपल्याला फुंक नाही.