गजाननचा एक तास

गजाननच्या मुलीचा, वैशालीचा, सकाळीच फोन आला. "काका, बाबा गेले..." एवढंच बोलली. रिठदच्या स्टँडजवळच्या त्याच्या वेल्डिंगच्या दुकानात आदल्याच दिवशी आम्ही चहा पीत भांडलो होतो.

भांडण नेहमीचंच. मी शाळामास्तर, मला सारखं काहीतरी सुचायचं. काही वर्षांपूर्वी न वाकता सोयाबीन टोकायचं, म्हणजे एकेक दाणा मातीत खोचायचं, हातयंत्र मलाच सुचलं. वहीत ऐटीत चित्र काढलं आणि गजाननपुढं टाकलं. त्यानं ते उलटंसुलटं पाहिलं. "मास्तर, हे चालोनार कोन? तुमी का बाया?" मग त्यानंच सांगितलं, "टोकन तं बायाच करतात. तुमच्या उंचीचा दांडा केला तं त्याइचे खांदे भरून येतीन." त्यानं दांडा वीतभर कापला. बी नळीत अडकायचं, तिथं सायकलची जुनी स्प्रिंग बसवली. सात वेळा जोडलं, सात वेळा तोडलं... माझं चित्र मात्र एका दुपारचं काम होतं!

दुकानामागं त्यानं जमिनीची एक पट्टी ओली ठेवलेली असायची. कोणतंही यंत्र देण्याआधी तिथं तो स्वतः एक तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, चालायचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, तास झाल्याशिवाय यंत्र बाहेर पडत नसे.

तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात आमच्या यंत्राला बक्षीस मिळालं. हे कुणाचं, असं माईकवरून विचारलं आणि मी पटकन सांगून मोकळा झालो, "कल्पना माझी." शाल माझ्या खांद्यावर आली. गजानन मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होता. परतताना मी विचारलं, "राग आला का रे?"

"राग कायले? तुमाले सुचलं, मी बनोलं. पन दांडा मोडला तं लोक माह्याच दुकानात येतीन, तुमच्या शाळेत नाही."

मी हसण्यावारी नेलं. त्याचं नाव का घेतलं नाही, याची लाज मात्र मनात तशीच राहिली.

परवा वैशालीनं दुकानात बोलावलं. त्यानं पुरं केलेलं शेवटचं यंत्र भिंतीला टेकवलेलं होतं. किन्हीराजाहून एक बाई ते न्यायला आल्या होत्या. "काका, याचा तास राह्यला," वैशाली म्हणाली. पट्टीला तिनं सकाळीच पाणी दिलं होतं.

मी चपला काढल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ते यंत्र घेऊन चाललो. दर पावलाला एकेक दाणा, सारख्या अंतरावर, सारख्या खोलीवर. छाती अभिमानानं भरून आली. बाईंनी विचारलं, "मास्तर, तुमीच बनोलं का हे?"

"नाही. गजाननानं बनवलं. मला नुसतं सुचलं होतं."

ओळीच्या शेवटाला पोचलो तेव्हा माझी कंबर धरली होती. दांडा मला बुटका पडत होता. बाईंनी तो हातात घेतला आणि त्या ताठ उभ्या राहिल्या.

"घेऊन जा," मी म्हणालो. "बरोबर झालंय."