अकरा महिन्यांचा चहा

मालकीणबाई मला वर चहाला बोलावतात ते भाडं वाढवायचं असलं म्हणजे. एरवी जिन्यात भेटतात, भाजीच्या ठेल्यापाशी भेटतात, तिथेच काय ते बोलतात. पण अकरा महिन्यांचा करार संपत आला की त्यांची सून खाली येते आणि म्हणते, "आंटीजी, मम्मीजी ने चाय पे बुलाया है." नुसता चहा-बिस्कीट असलं तर वाढ थोडी. समोसा असला तर जास्त. या वेळी वर गेले तर टेबलावर समोसे होते, जलेबी होती, वर दह्याची वाटी होती. खुर्चीवर टेकायच्या आधीच मला कळलं, आता आपलं काही खरं नाही.

ह्या मालकीणबाई म्हणजे माझी जुनी शेजारीण. कारखान्याच्या वसाहतीत तिचं आणि माझं क्वार्टर भिंतीला भिंत लागून होतं. दोघींचे नवरे एकाच शॉपमध्ये फिटर, पगार सारखाच. ती झांशीजवळच्या समथरची, मी कराडजवळच्या खेड्यातली, चौथी शिकलेली. ती मला जिज्जी म्हणते, म्हणजे मोठी बहीण, पण वयात फारसं अंतर नाही. त्या दिवसांत मी तिला "तुम" म्हणायची. तिची भाडेकरू झाले तेव्हापासून "आप" म्हणते. तसं म्हण असं मला कोणी सांगितलं नव्हतं. तोंडातून आपोआपच आलं.

आमच्या घरात कर्ज काढायचं नाही हा ह्यांचा नियम होता. सायकल घेतली ती रोख, लोखंडी कपाट घेतलं ते रोख. फ्रिज आला तेव्हा मुलगा कॉलेजात जात होता. तोपर्यंत झांशीचा प्रत्येक उन्हाळा आम्ही माठावर काढला. शेजारणीकडे फ्रिज हप्त्यावर, स्कूटर हप्त्यावर, पंखासुद्धा हप्त्यावर. वीस-बावीस तारीख उलटली की ती वाटी घेऊन माझ्या दारात उभी राहायची. कधी साखर, कधी पीठ, कधी तेल. मी द्यायची. देताना दोन शब्द सुनवायची पण. हे आतून ऐकत असायचे आणि ती गेल्यावर म्हणायचे, "बघ. कर्जाचं घर असंच चालतं. वीस दिवस राजा, दहा दिवस भिकारी."

मग तिच्या नवऱ्याने सोसायटीचं कर्ज काढून झांशीतल्या नगऱ्यात प्लॉट घेतला. तेव्हा तिथे बाभळी होत्या, नाल्याचं पाणी होतं आणि डुकरं होती. शेजारचा तुकडाही विकाऊ होता. त्याने ह्यांना बळेच एका रविवारी बघायला नेलं. मीही गेले. मी तिथेच म्हटलं, घेऊन टाका.

हे म्हणाले, "इथे? इथे आपण नोकरीला आलोय. राहायला नाही."

असं म्हणणारे हे एकटे नव्हते. वसाहतीतली सगळी मराठी माणसं हेच म्हणायची. गणपतीत सगळे हॉलमध्ये जमले की पुरुषांच्या गप्पा एकाच गोष्टीच्या. माझ्या गावच्या घराचा स्लॅब टाकून झाला, मी विहिरीला मोटर बसवली, मी पुढे ओसरी काढली. झांशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली जुनी मराठी घरं आहेत, त्या लोकांना आमची माणसं हसायची. त्यांची भाषा बिघडली म्हणायची, मुळं तुटली म्हणायची. आज त्या लोकांच्या डोक्यावर त्यांची स्वतःची छपरं आहेत. आम्हाला हसायलाही त्यांना फुरसत नसेल.

ह्यांनी वर्षानुवर्षं पैसे गावी धाडले, थोरल्या दिरांकडे. जुनं पाडून नवं घर झालं. फरशी झाली, वर गच्ची झाली. दिरांनी एक खोली दाखवून सांगितलं, ही तुमची. मी एकदा म्हटलं होतं, कागदावर आपलं नाव घालून घ्या. त्यावर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. भावाकडे कागद मागायचा म्हणजे त्यांच्या लेखी चोरीच्या बरोबरीचं काम.

निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि ट्रकात सामान भरून आम्ही गावी गेलो. आमच्या खोलीत खताची पोती आणि पुतण्याची मोटरसायकल होती. दिरांनी ती काढली, पण रोज त्या मोटरसायकलकडे बघत राहिले, बिचारी पावसात भिजते म्हणून. जावेने पहिल्याच महिन्यात ऐकवलं, "तुमचं काय बाई, सरकारी पैसा. इथे आम्ही मातीत हात घालतो." दुकानात माझ्या तोंडून "भैया, कितने का दिया" असं निघून जायचं आणि पोरं हसायची. मला हिंदीवाली काकू म्हणायची. झांशीत सारा जन्म मी मराठिन होते. गावी हिंदीवाली झाले.

ह्यांना साखरेचा आजार. निवृत्तांना कारखान्याच्या दवाखान्यात औषधं मिळतात, तो दवाखाना झांशीत. जेमतेम वर्ष काढून तोच ट्रक उलटा फिरवला. घर सोडताना दिरांनी विचारलंसुद्धा नाही की आमच्या पैशाचं काय. ह्यांनीही विचारलं नाही. तोवर झांशीत प्लॉट घ्यायची आमची ऐपत राहिली नव्हती. शेजारणीच्या नगऱ्यातल्या घराचा खालचा मजला रिकामा होता, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ती म्हणाली, "अपना ही घर समझो, जिज्जी." आणि अनामत घेतली.

तिथेच, पुढच्या खोलीत, हे गेले. त्याला आता पाच वर्षं होतील.

लोकांना वाटतं मोठ्या कारखान्यात नोकरी होती म्हणजे मोठी पेन्शन असेल. तशी पेन्शन आम्हाला नाही. फंडातून जी मिळते ती ह्यांच्यामागे मला निम्मी येते आणि तिच्यात महिन्याचा किराणाही बसत नाही. बाकी जे मिळालं ते सिविल लाइंसच्या बँकेत ठेवलंय, त्याच्या व्याजावर मी जगते. ठेव मुदतीनंतर पुन्हा टाकायला गेले की काउंटरवरचा मुलगा व्याज कमी सांगतो, आणि बाहेर येऊन बघावं तर तेल चढलेलं. तूर डाळ मी सणालाच करते. कूलर दुपारचे तीन तास. टीव्हीवर एक बाई शिकवते की महागाईत पैसे कसे वाचवावेत. म्हणते, बाहेरचं खाणं कमी करा. मी बाहेरचं खाते ते अकरा महिन्यांतून एकदा, मालकीणबाईंकडे.

तर या वेळी त्यांनी बशी पुढे सरकवली.

"लो जिज्जी, गरम हैं."

"पहले बताइए कितना," मी म्हटलं. "खाऊँगी बाद में."

"अरे, ऐसे बोलती हो जैसे हम पराये हैं."

"पराये होते तो समोसा नहीं मँगाते."

स्वयंपाकघरात सून फिसकन हसली. मालकीणबाईंनी तिकडे एकदा डोळे वटारले आणि मग सांगितलं. बँकेतलं एक जोडपं खालचा मजला बघून गेलं होतं. मी देवळात गेले असताना माझ्या मागे बघून गेलं होतं. ते आठ हजार द्यायला तयार. मी पाच देते. "आपसे हम सात ले लेंगे," त्या म्हणाल्या. "इतने साल का साथ है." आणि सात जमत नसतील तर गच्चीवरची बरसाती मोकळी आहे, पाचातच.

बरसाती म्हणजे वर पत्रा टाकलेली एक खोली. तीन जिने चढून.

"मेरे घुटने?"

"कसरत हो जाएगी."

"जून में पापड़ की तरह उतार लेना मुझे वहाँ से."

त्या मनापासून हसल्या. मीही हसले. हसण्याचं भाडं पडत नाही. मग त्या पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, "जिज्जी, तुम सोचती होगी हम पैसेवाले हैं. ये मकान आज भी बैंक में रखा है. पहले प्लॉट की किस्त, फिर छत की, फिर लड़की के ब्याह की, अब पोते के कॉलेज की. ब्याह के आई हूँ तब से किस्त ही भर रही हूँ."

"डर नहीं लगता?"

"डरे वो, जिसने दिया है."

ह्या बाईने जन्मात एक दमडी शिल्लक टाकली नाही आणि तिच्या पायाखाली तिची फरशी आहे. मी जन्मभर एक दमडी वायफळ घालवली नाही आणि कुठे झोपायचं ते तिला विचारायला बसले होते. आम्हाला शाळेत शिकवलं, घरात शिकवलं, नवऱ्याने शिकवलं की ऐपतीत राहा. राहिलो. ऐपतच आमच्याखालून निघून गेली, तर काय करायचं ते कोणी शिकवलं नाही.

"हमारे इन्होंने भाईसाहब से कितना कहा था," त्या म्हणाल्या, "बगल वाला ले लो."

"कहा तो मैंने भी था."

"कटोरी लेके तो हम आते थे तुम्हारे दरवाजे. तुमने कभी ना नहीं की. पर जिज्जी, सुनाती बहुत थीं."

"सुनाती थी, लेकिन देती थी."

"तो हम भी दे रहे हैं," त्या म्हणाल्या. "सात में."

समोसा मी खाल्ला. दोन खाल्ले. जलेबी कागदात बांधून खाली आणली.

मुलगा नोएडाला असतो. फ्लॅट कर्जावर, गाडी कर्जावर, हातातला फोनसुद्धा. त्याला फोन केला. म्हणाला, "आई, तू इकडेच ये ना. स्टडीमध्ये तुझा बेड लग जाएगा." त्या खोलीत सून दिवसभर कॉम्प्युटरवर काम करते. मी विचारलं, दिवसा मी कुठे बसू? तो म्हणाला, "नीचे पार्क आहे ना." मग तो म्हणाला, "बाबांनी एक प्लॉट घेऊन ठेवला असता, तर आज ये सवाल ही नव्हता."

मी म्हटलं, "तुझ्या इंजिनीअरिंगची फी बाबांनी रोख भरली. तुला कर्ज काढायला लागलं नाही."

"मी कुठे काय म्हणतोय? मी दोन हजार पाठवत जाईन दर महिन्याला."

"नको. तुझे हप्ते तुला पुरे आहेत. त्यात आणखी एक मी नको."

तो बरं म्हणाला. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

ठेव मोडली तर सातही देता येतात, काही वर्षं. पण मोडलेल्या ठेवीचं व्याज येत नाही, आणि पुढे मी अंथरुणाला खिळले तर नोएडाहून उठून मला बघायला कोण येणार आहे? रात्रभर विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुपारी भांडी घासता घासता हिशेब झाला. हात पुसले आणि न बोलावता वर गेले.

"आगे का कमरा ले लीजिए," मी म्हटलं. "उसका दरवाजा सड़क पे है, अकेली नौकरी वाली लड़की साढ़े चार में खुशी से ले लेगी. मैं पीछे का कमरा और रसोई रखूँगी. चार में."

मालकीणबाईंना गणितात वेळ लागत नाही. आठाचे साडेआठ होत होते.

"और गुसलखाना?"

"दोनों का एक. नहाने गली से आ जाएगी वो."

"तुम्हें दिक्कत होगी, जिज्जी."

"होगी."

त्या लगेच कबूल झाल्या. जुन्या ओळखीखातर झाल्या असं मी मानत नाही. त्या दिवशी चहाही विचारला नाही.

लोखंडी कपाट मागच्या खोलीत मावेना. भंगारवाल्याने ते काट्यावर घातलं. इतकी वर्षं मी ते आतून-बाहेरून पुसून ठेवलं होतं. तो म्हणाला, "माताजी, रंग का कोई भाव नहीं." समोरची बाई विचारत होती, भाईसाहब ज्या खोलीत गेले ती सोडताना वाईट वाटलं असेल. वाईट वाटायला खोली माझी कुठे होती?

मग मिस्त्री आला. दोन खोल्यांमधल्या दाराची चौकट काढली आणि तिथे विटा लावायला घेतल्या. मागच्या खोलीला बोळाकडे एवढीशी खिडकी आहे. समोरून येणारा उजेड रांगेरांगेने बंद होत गेला तशी मी दिवा लावला. भर दुपारी दिवा लावायला लागणार, म्हणजे विजेच्या बिलात हेही आलं, ते माझ्या हिशेबात राहून गेलं होतं.

संध्याकाळी मालकीणबाई खाली आल्या. भिंतीला हात लावून बघितला.

"बढ़िया बन गई. जिज्जी, ईंट-सीमेंट का आधा आपका लगेगा. दीवार तो दोनों की है."

त्यांच्या बाजूला मिस्त्रीने गिलावा गुळगुळीत करून दिला होता. माझ्या बाजूला नुसत्या विटा होत्या आणि सांध्यांतून सिमेंट बाहेर आलेलं.

"और इधर का पलस्तर?" मी विचारलं.

"करा देंगे. थोड़ा-थोड़ा करके किराये में जोड़ लेंगे."

"जोड़िए मत."

मी पिठाच्या डब्यामागची पिशवी काढली. विटांचे अर्धे दिले, गिलाव्याचे पुरे दिले, त्यांच्या हातावर मोजून ठेवले. मिस्त्री थापी धुवायला निघाला होता. त्याला म्हटलं, थांब, आत्ताच करून जा. त्याने कुरकुर केली, पण केलं. ओला गिलावा वाळेपर्यंत पलंग भिंतीपासून लांब ठेवायला हवा होता. तेवढी जागा नव्हती. मी तिकडे पाय करून झोपले.